हंगाम कोणाचा?

जून महिना उजाडला की समुद्रकाठच्या गावांतील पाट्या बदलतात. मे महिन्यात जेथे 'जागा नाही' असे लिहिलेले असते तेथे 'ऑफ सीझन, निम्मा दर' अशी अक्षरे येतात. हा शब्द आता आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचा अर्थ काय, हे कोणी विचारीत नाही. हंगाम हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तेथे त्याचा अर्थ केवळ वेळ, समय एवढाच. आपल्या शेतकऱ्याने तो उचलला आणि त्याला पेरणीचा, कापणीचा, आंब्याचा असा अर्थ दिला. कोळ्याने मासळीचा दिला. आणि आता सहलीला जाणाऱ्याने त्याला तिसराच अर्थ दिला आहे: ज्या काळात आम्ही तुमच्याकडे येतो तो हंगाम, आणि येत नाही तो बिगरहंगाम. जणू काय आमच्या येण्याजाण्यानेच त्या गावचे पंचांग ठरते! गाव तेथे बाराही महिने असते, चुली बाराही महिने पेटाव्या लागतात, ही गोष्ट त्या पाटीवर मावत नाही.

अशा बिगरहंगामात समुद्रावर जाणे यात गैर ते काय? वरवर पाहता काहीच नाही. गर्दी नाही, खर्च कमी, मनाला निवांतपणा. उलट त्या दिवसांत कोणी गेले तर तेथील लोकांना चार पैसे मिळतील, असेही म्हणता येते. तरीही श्रावणात आम्ही काही मित्र अर्नाळ्याला जाऊन आलो तेव्हापासून या साध्या दिसणाऱ्या गोष्टीविषयी आमच्यात जी चर्चा सुरू झाली ती अजून संपलेली नाही. ती वाचकांपुढे मांडावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही सारे भिवंडीचे. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात रेंगाळणारी पाच-सहा कुटुंबे, आणि त्यांच्या ओळखीने जोडले गेलेले एक-दोन शेजारी. आमच्यात एक शाळामास्तर आहेत, एक रुग्णालयातील परिचारिका आहेत, एका सायझिंगमध्ये हिशेब लिहिणारे मेहता आहेत (आमच्याकडे यंत्रमागाच्या कारकुनाला मेहताच म्हणतात, मग त्याचे आडनाव काही असो), माग दुरुस्त करण्यात उभी हयात घालवलेले, आता निवृत्त झालेले एक जॉबर आहेत, ज्यांना सारे अंकल म्हणतात; आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबातला, मागावर काम करणारा एक तरुण मित्र आहे. तो आपल्या धर्माचा नाही, पण नाताळात गोठा उभारायला तो आमच्या आधी हजर असतो.

भिवंडी रोडहून वसईकडे जाणाऱ्या गाड्या थोड्या. पण त्या मार्गाने गेलेल्या माणसाला आपल्या तालुक्याचे खरे दर्शन घडते. गोदामांची पत्र्याची छपरे मागे पडली की खारबाव, कामण, जूचंद्र. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भरलेली खाचरे आणि पलीकडे खाडीचा करडा पट्टा. याच खाडीच्या काठी भिवंडी तालुक्यातले अंजूर आहे. तेथील गंगाजी नाईकांनी मराठ्यांच्या वसई मोहिमेत पुढाकार घेतला होता. 1737 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून अर्नाळा घेतला आणि 1739 च्या मे महिन्यात वसई पडली. त्या इतिहासाकडे आपल्या समाजाला एका डोळ्याने पाहून चालत नाही. एका डोळ्याला आपल्या पूर्वजांच्या ओस पडलेल्या चर्चच्या भिंती दिसतात, दुसऱ्याला त्या सत्तेखाली भरडले गेलेले आपलेच शेजारी दिसतात. असो, तो विषय वेगळा आहे.

विरारहून अर्नाळ्याचा किनारा, आणि समोर थोड्याच अंतरावर, वैतरणेच्या मुखाशी, बेट. बेटावर बाजीरावाच्या काळात पुन्हा बांधून काढलेला किल्ला, त्याच्या दारावरचा मराठी शिलालेख, आत गोड्या पाण्याची अष्टकोनी पुष्करणी. बाहेर कालिकामातेचे मंदिर आणि कोळ्यांची वस्ती. 18 जून 2025 रोजी भारतीय नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला याच बेटाचे नाव दिले आहे. नाव विशाखापट्टणपर्यंत पोहोचले. पण बेटावरच्या बाईला बाजारहाटासाठी लहान बोटीतूनच यावे लागते आणि दरवर्षीच्या उधाणात बेटाचा किनारा थोडाथोडा खचत जातो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. किनाऱ्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती, वारा होता, आणि बोट लागलेली नव्हती. आमच्या आधी तेथे मुंबईहून आलेले सहा-सात तरुण उभे होते. त्यांना संध्याकाळपर्यंत परतायचे होते. ते तांडेलाला म्हणत होते, "काका, तिप्पट घ्या, पण आत्ता सोडा." तांडेल पन्नाशीचा होता. त्याने पाण्याकडे पाहिले, मग दोर धरून उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे पाहिले. क्षणभर तो काहीच बोलला नाही. त्या क्षणात तो काय तोलत होता ते सांगायला नको. दोन महिने मासेमारी बंद होती आणि नारळी पौर्णिमा अजून पुढे होती. मग तो म्हणाला, "पाणी भरूं दे. मग बघू." तरुणांनी थोडा वेळ हुज्जत घातली आणि ते निघून गेले. तांडेलाची तिप्पट मजुरी त्यांच्याबरोबर गेली.

त्याने नकार दिला म्हणून प्रश्न मिटला, असे आम्हाला वाटले नाही. त्याने होकार दिला असता तर? मेहतांचे म्हणणे असे पडले: "तो जाणता माणूस आहे. समुद्र तो आपल्यापेक्षा अधिक ओळखतो. धोका किती आणि मोबदला किती, हे त्याने ठरवायचे. आपण कोण त्याच्या वतीने काळजी करणार? गरिबाला स्वतःचे बरेवाईट कळत नाही असे समजणे हाही एक अपमानच आहे." हा युक्तिवाद हलका नाही. दुर्बलांविषयी दया दाखवताना आपण त्यांना लहान मूल समजू लागतो, हा दोष आपल्या पुष्कळ धर्मादाय कार्यांत आहे. मेहतांनी तो नेमका दाखवला.

परंतु होकार आणि होकार यांत फरक असतो. पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात कामगाराच्या मजुरीचा प्रश्न हाताळला तेव्हा त्यांच्यापुढे हाच युक्तिवाद होता: मालक आणि मजूर दोघांनी राजीखुशीने करार केला, मग अन्याय कोठला? लिओ यांनी त्याला दिलेले उत्तर आजही ताजे आहे. गरजेपोटी किंवा त्याहून मोठ्या संकटाच्या भीतीने मजुराने कठोर अटी मान्य केल्या, तर तो त्याचा होकार नसून त्याच्यावर झालेली जबरदस्ती आहे, असा त्यांचा आशय. म्हणजे हात कोणी पिरगळला नाही एवढ्याने माणूस मोकळा ठरत नाही. रिकामा डबाही हात पिरगळतो. तिप्पट पैसे पुढे करणारा तरुण उदार दिसतो खरा, पण त्या पैशाची ताकद तांडेलाच्या गरजेतून येते. सुगीच्या दिवसांत त्याने ते पैसे हसून परत केले असते. बंदीच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस त्याला क्षणभर थांबावे लागले. जे काही अनुचित आहे ते त्या क्षणभराच्या थांबण्यात आहे.

येथे परिचारिकाबाईंनी आम्हाला अडवले. त्या म्हणाल्या, "मग धोक्याची कामे कोणी करूच नयेत का? साथीच्या दिवसांत आम्ही वॉर्डात जात होतोच ना?" त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर आम्हाला पुढे बेटावरच मिळाले. पावसाळ्यात रात्री एखादी बाळंतीण अडली तर काय करता, असे आम्ही तेथे विचारले. "नेतात की," एक म्हातारी सहजपणे म्हणाली. कोण नेतो, किती घेतो, हे विचारायचे आम्हाला सुचलेच नाही, आणि तिलाही ते सांगण्यासारखे वाटले नाही. समुद्र तोच, अंधार अधिक, धोका कितीतरी मोठा. पण त्या बोटीत जो चढतो तो एका जिवासाठी चढतो, आणि त्याला नाही म्हणण्याची मुभा नसली तरी तो बंधनात नसतो. आमच्या सहलीसाठी तोच माणूस तेच पाणी कापतो तेव्हा त्याचा जीव कशाच्या बदल्यात टांगला जातो? संध्याकाळच्या आत छायाचित्रे काढून परतण्याच्या. धोक्याला किंमत असते ती तो कशासाठी पत्करला यावरून.

समुद्राशी अशा तडजोडी करणारी माणसे आजची नाहीत. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या 27 व्या अध्यायात संत पौलाच्या सागरप्रवासाचे जे वर्णन आहे ते आपण वाचतो, पण ती बिगरहंगामातल्या प्रवासाची कथा आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. उपवासाचा काळ उलटून गेला होता, म्हणजे शरद ऋतू लागला होता, आणि भूमध्य समुद्रात त्यानंतर गलबते हाकारीत नसत. क्रीट बेटाजवळ पौलाने इशारा दिला की आता पुढे गेलो तर मालाबरोबर जिवाचीही हानी होईल. पण तो बंदिवान. त्याचे कोण ऐकणार? शताधिपतीने तांडेलाचे आणि गलबताच्या मालकाचे ऐकले. हिवाळा काढायला बंदर सोयीचे नव्हते, हे निमित्त. दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि सर्वांना वाटले, जमले! पुढे चौदा रात्री तुफानात गेल्या.

या कथेला आणखी एक बाजू आहे, ती बायबलमध्ये नाही. त्या काळी रोम शहराला धान्य पुरवणारी गलबते अलेक्झांड्रियाहून येत. हिवाळ्यातही धान्य यावे म्हणून सम्राट क्लौद्य याने व्यापाऱ्यांना हमी दिली होती की वादळात नुकसान झाले तर ते तो स्वतः भरून देईल. रोमन चरित्रकार स्वेतोनियस याने ही नोंद करून ठेवली आहे. म्हणजे बिगरहंगामात समुद्रात उतरण्यासाठी तिप्पट भाडे देण्याची युक्ती दोन हजार वर्षे जुनी आहे. मालकाच्या गव्हाला हमी होती. वल्ह्यावरच्या आणि शिडावरच्या माणसाच्या बायकोमुलांना कोणती हमी होती, ते चरित्रकाराने लिहिलेले नाही. त्याला ते लिहिण्यासारखे वाटले नसावे. पौलाच्या त्या गलबतावर 276 माणसे होती. गहू शेवटी समुद्रात फेकावा लागला, गलबत फुटले, आणि माणसे मात्र सारी वाचली. ग्रंथकाराने आकडा माणसांचा दिला आहे, पोत्यांचा नाही. आम्हाला हे फार मोलाचे वाटते.

समुद्र सर्वांना असा सोडून देत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. आणि तो तर ऐन हंगाम होता, आकाश निरभ्र होते. पाण्याची ओढ पाहुण्याला कळत नाही. ती ज्याला कळते त्याच्या "थांबा" या शब्दावर पैशाचे वजन ठेवणे म्हणजे आपल्या एकमेव राखणदाराला लाच देण्यासारखे आहे.

पाणी भरल्यावर गावकऱ्यांची बोट सुटली, तीतच आम्हाला जागा मिळाली. चपला हातात, पाण्यातून चालत चढणे. बोटीत तांदळाची पिशवी, औषधांची पुडी, शाळेचे दप्तर. रोजचेच भाडे.

दुसरा प्रश्न निम्म्या दराचा. रात्री मुक्कामाला आम्ही किनाऱ्यावर ज्या ठिकाणी उतरलो तेथे मे महिन्यात दहा-बारा माणसे कामाला असतात, असे तेथील पोऱ्याने सांगितले. पावसात दोघेच राहतात, बाकीच्यांना घरी पाठवतात. निम्मा दर ठरलेला होताच. आमच्यातल्या एकाने सवयीने विचारले, "आणखी काही कमी?" यावर अंकल जे बोलले ते आम्हाला आमच्या गावात परत घेऊन गेले.

ते म्हणाले, "मंदी आली की व्यापारी मागवाल्याला हेच विचारतो."

भिवंडीच्या माणसाला याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही. आमचे गाव मागांच्या खडखडाटावर जगत आले. 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, गिरण्या कायमच्या आजारी पडल्या, आणि ते कापड आमच्या मागांवर विणले जाऊ लागले. त्यानंतर आम्ही तेजीही पाहिली आणि मंदीही. 2016 च्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्यावर माग थंडावले तेही पाहिले, आणि 2020 च्या टाळेबंदीत डोक्यावर बोचकी घेऊन नाशिकच्या रस्त्याने उत्तरेकडे चालत निघालेली माणसेही पाहिली. मंदी हा आमच्या गावाचा बिगरहंगाम. त्या दिवसांत व्यापारी येतो, घडीवर हात फिरवतो आणि म्हणतो, "शेठ, सध्या उठाव नाही, काय ते बोला." मागवाला तोट्यात देतो, कारण वीजबिल थांबत नाही. तो तोटा मग खाली झिरपत झिरपत मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकरापर्यंत जातो. त्याच्याखाली झिरपायला जमीनच असते. हे ज्याने अनुभवले आहे त्याने समुद्रकाठी जाऊन व्यापाऱ्याच्या भूमिकेत उभे राहावे काय?

मेहतांनी बाजाराची बाजू मांडली. दर मागणी-पुरवठ्याने ठरतो. निम्म्या दराने का होईना, आम्ही आलो नसतो तर त्या दोन पोऱ्यांनाही घरी जावे लागले असते. हे खोटे नाही, आणि निम्मा दर घेणे हे पाप आहे असे आम्हीही म्हणत नाही. खोल्या रिकाम्या राहण्यापेक्षा भरल्या तर मालकाचे भले, आमचेही भले. पण संत थॉमस अक्वायनस यांनी क्रयविक्रयाच्या न्यायाची चर्चा करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. विकणाऱ्याला स्वतःची वस्तू देताना जे नुकसान सोसावे लागते ते त्याने किमतीत धरावे. पण घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्याचसाठी त्याने किंमत वाढवू नये, कारण ती गरज घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याच्या मालकीची नव्हे. जे आपले नाही ते विकता येत नाही. हा नियम उलट बाजूनेही लागतो असे आम्हाला वाटते. विकणाऱ्याची अडचण ही घेणाऱ्याची मालमत्ता नव्हे. पावसाने खोल्या ओस पडल्या म्हणून दर उतरला, तो ऋतूमुळे उतरला; तो आम्ही घ्यावा. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरची चिंता वाचून त्याच्यापुढे जी आणखी एक पायरी आपण उतरवून घेतो ती ऋतूची नव्हे, ती त्याच्या चिंतेची विक्री असते. आणि ती खाली कोणावर जाऊन पडते? त्या दोन पोऱ्यांवर, जे रात्री आमच्यासाठी पाणी तापवून देत होते.

रेषा नेमकी कोठे आखायची, हे सांगता येणे कठीण आहे. घासाघीस हा आपल्या बाजाराचा स्वभाव आहे. कोळणीशी घासाघीस न करता मासळी घेतली तर तिलाच संशय येतो! परंतु कोळीण घासाघिशीत आपल्याला पुरून उरते. जेथे दोन्ही बाजूंना नाही म्हणण्याची ताकद आहे तेथे घासाघीस हा खेळ आहे. एका बाजूची ती ताकद ओसरली की खेळ संपतो.

बेटावर आम्ही दोन-तीन तासच होतो. वस्तीत कोणी आम्हाला बोलावले नव्हते. पाऊस आला म्हणून एका घराच्या पडवीत उभे राहिलो, तर मघाशी जिचा उल्लेख केला त्या म्हातारीने आत बसवले. चुलीवर पाणी ठेवून ती म्हणाली, "या दिवसांत कोण येतो? तुम्हाला द्यायला ताजी मासळी पण नाही." मग काळा चहा झाला, आणि फडताळातल्या डब्यातून सुके बोंबील निघाले, तव्यावर भाजले गेले. पैसे देऊ केले तेव्हा तिने हात मागे घेतला, "पोरी, चहाचे काय पैसे?" असे ती परिचारिकाबाईंना म्हणाली. पावसाळ्यासाठी राखून ठेवलेला तो डबा होता. तो पुन्हा भरायला किती दिवस लागतात याचा हिशेब आमच्यापैकी कोणालाही येत नव्हता.

त्या घरात बसून आम्हाला प्रेषितांच्या कृत्यांचा पुढचा, 28 वा अध्याय आठवला. गलबत फुटून पौल आणि ती 276 माणसे माल्टा बेटावर, त्या काळच्या मिलितावर, लागली. पाऊस पडत होता, थंडी होती. बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवून सर्वांना जवळ घेतले. मूळ ग्रीक ग्रंथात या लोकांसाठी 'बर्बर' असा शब्द आहे. ग्रीक न बोलणारे, परके. लेखक सुशिक्षित होता, त्याने जगाचा शब्द वापरला, पण पुढच्याच शब्दांत त्यांच्या असामान्य माणुसकीची नोंद केली. पुढे तीन महिने, हिवाळा सरेपर्यंत, तो सारा जमाव त्या बेटावर राहिला. बेटावरचे साठवणीचे धान्य त्या तीन महिन्यांत किती उरले असेल? ग्रंथकार एवढेच सांगतो की बेटावरचे आजारी लोक पौलाकडे येऊन बरे झाले आणि निघताना लोकांनी लागेल ते सामान गलबतावर चढवून दिले. म्हणजे देणे दोन्ही बाजूंनी झाले. पण आधी दिले ते बेटाने, आणि आलेला माणूस संत आहे की बंदिवान हे ठाऊक नसताना दिले. सर्पाचा प्रसंग घडला तेव्हा तर त्यांना तो खुनी वाटला होता; तरी शेकोटी त्याच्यासाठी विझवली नाही.

आम्ही सहलीला जातो तेव्हा आपण पाहुणे आहोत की गिऱ्हाईक, हे ठरवून जात नाही. हंगामात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण गर्दीत सारेच गिऱ्हाईक असतात आणि कोणी कोणाला आत बोलावीत नाही. बिगरहंगामात दार उघडते आणि घोटाळा होतो. गिऱ्हाइकाचे देणे पैशाने फिटते. पाहुण्याचे तसे फिटत नाही. म्हातारीचा मागे गेलेला हात तेच सांगत होता. मास्तरांनी निघताना विचारले की भिवंडीहून काही आणून देऊ का. तिने जराही न लाजता सांगितले: एक सुती लुगडे, आणि नातवाला दप्तर. मागितले म्हणून आम्हाला हलके वाटले. ज्याने दिले त्याला मागताही आले, हे बरेच झाले.

शेवटचा प्रश्न आमच्या घरचा आहे. विसाव्यासाठी जावेच का? मार्कच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात प्रभू येशू थकून आलेल्या शिष्यांना एकांत जागी जाऊन विसावा घ्यायला सांगतो, आणि ते बोटीने निघतात. म्हणजे मित्रांसह बोटीने निवांत जागी जाणे याला प्रभूची संमती आहे, असे आम्ही समजतो. संत थॉमस यांनीही खेळ आणि विरंगुळा यांना सद्गुणाच्या चौकटीत बसवले आहे आणि त्यासाठी संत योहानाची जुनी गोष्ट सांगितली आहे: सतत ताणलेले धनुष्य मोडते. कष्टाळूपणाच्या नावाखाली विसाव्याला पाप मानणारे लोक आपल्या समाजात आहेत. त्यांच्याशी आमचे पटत नाही. पण मार्कची गोष्ट तेथे संपत नाही. ते पोहोचतात तेव्हा किनाऱ्यावर लोकांचा जमाव आधीच आलेला असतो, आणि प्रभूला त्यांचा कळवळा येतो. एकांत जागा म्हणून जी आपण शोधतो तेथे कोणीतरी असतेच.

आणि अनुवाद या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायातील शब्बाथाची आज्ञा तर आणखी पुढे जाते. तू विसावा घे, आणि तुझ्या दासाने, दासीने, बैलाने, गाढवाने, तुझ्या वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यानेही घ्यावा. कारण तूही एकदा गुलाम होतास. विसावा एकट्याने घेतला तर ती आज्ञा अर्धीच पाळली जाते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1998 साली 'दिएस दोमिनी' हे पत्र लिहून रविवारच्या पावित्र्याची आठवण करून दिली. आमच्या गोदामांच्या आणि मागांच्या गावात त्याची आठवण किती जणांना आहे, देव जाणे.

आमच्या पद्मशाली मित्राची मजुरी मीटरवर. बारा तासांची पाळी. माग चालला तर पैसे, थांबला तर नाही. आमच्या सहलीचे दोन दिवस मास्तरांना सुट्टीचे होते, परिचारिकाबाईंनी रजा टाकली होती, मेहतांचा पगार कापला जाणार नव्हता. त्याचे मात्र दोन दिवसांचे मीटर बुडाले. सहलीचा खर्च सर्वांनी सारखा वाटून घेतला. पण सारखा वाटलेला खर्च सारखा नव्हता. परतीच्या गाडीत हा विषय अंकलनीच काढला. त्यांचे म्हणणे, त्याच्या मजुरीची भरपाई सर्वांनी मिळून करावी. मास्तर म्हणाले, "मैत्रीत हजेरी लावायची का? त्याला काय वाटेल?" तो स्वतः खिडकीतून बाहेर पाहत होता. तो म्हणाला, "सर, गावी लग्नाला गेलो तरी मजुरी बुडतेच. लग्नात कोणी भरून देतो काय?"

त्याच्या बोलण्यात मानही होता आणि हिशेबही. लग्नाला जाणारा माणूस पाहुणा नसतो, घरचा असतो. घरच्या कार्यात बुडालेली मजुरी कोणी परत मागत नाही, तसे आम्हालाही त्याने घरचे मानले होते. त्याला पैसे दिले तर आम्ही स्वतःला परके ठरवणार होतो. न दिले तर आमच्या विसाव्याची किंमत आमच्यातला सर्वांत गरीब माणूस मोजणार होता. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि आमच्या मते दुसरी अधिक जड. परंतु तिचे निवारण पैसे देऊन होणार नाही, असे पुष्कळ बोलणे झाल्यावर आम्हाला वाटले. ते दिवस निवडून होईल. मागांना जेव्हा सुट्टी असते तेव्हा जावे.

अडचण अशी की मागांचा सुट्टीचा वार रविवार नव्हे. त्या वारी मास्तरांची शाळा असते, मुलांची परीक्षा असते, परिचारिकाबाईंची पाळी असते. आणि रविवारी मिस्सा चुकवायची नाही हे तर ठरलेलेच. अंकलच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर गेले दोन महिने सर्वजण बोट फिरवून पाहत आहेत. लुगडे घेऊन झाले आहे, दप्तरही. ते बेटावर पोहोचवायला जाण्याची तारीख अजून ठरायची आहे.